कमलताईने राखून ठेवलेला विमा

कमलताई कात्री वापरत नसे. खडोलीच्या सुताच्या कारखान्यात आम्ही दोघी पॅकिंगला होतो. कात्र्या चोरीला जातात म्हणून प्रत्येक टेबलाला एकेक कात्री दोरीने बांधलेली असे. पण कमलताई सुतळी डावीकडच्या सुळ्याखाली धरायची, मानेला एक झटका द्यायची आणि पुढच्या गोणीकडे वळायची. सुपरवायझर ओरडायचा, "कमलबेन, कातर किसलिए दी है?" ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "कातर कंपनीनी शे साहेब, दात मना शेतस." शिरपूरकडची बाई. सिल्वासात येऊन इतकी वर्षं झाली, हिंदी आली, गुजराती आली, पण अहिराणी काही सुटली नाही. मी डहाणूची, सुरुवातीला तिचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं.

सिल्वासातल्या आमलीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. नवरा गेल्यावर ती आईला घेऊन इथे आली होती. म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, पण तोंड मात्र शाबूत होतं. भाकरी जाड झाली, वरण पाणचट झालं, शेजारणीचा रेडिओ मोठा झाला, सगळ्यावर तिचं मत असे. कमलताई सगळं ऐकून घ्यायची आणि मला हळूच म्हणायची, "बोलू दे वं. डोया बंद शेतस, तोंड तं उघडं राहू दे."

आमच्या पगारातून दर महिन्याला कामगार विम्याचे पैसे कापले जात. म्हातारीचं नावही कमलताईने त्यात घालून घेतलं होतं. विम्याच्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासून मोतीबिंदूचं ऑपरेशन करू म्हणून सांगितलं होतं, फक्त नंबर लागायचा होता. त्या नंबराची वाट कमलताई अशी बघत होती, की तेवढ्या काळात तिने दुसऱ्या कशाकडे पाहिलंच नाही. स्वतःच्या दाताकडे तर नाहीच.

तो सुळाच दुखायला लागला. आधी लवंग झाली, मग मिसरी, मग कुणी सांगितलं म्हणून तुरटीच्या गुळण्या. एके दिवशी गाल एवढा सुजला की डावा डोळा बारीक झाला. मी म्हटलं, "ताई, विम्याच्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर बसतो. चल."

"नको."

"का?"

"देवनी दात बत्तीस दिधा, सुनंदा. डोया दोनच."

या म्हणण्याचा अर्थ मला लागेना. मी तशी तापट. म्हटलं, हे काय उखाणे घालतेस, दुखतंय ना? तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं. तिच्या गावाकडे लोकांकडे सरकारी उपचाराचं कार्ड असतं, त्याला वर्षाची मर्यादा असते. तिच्या चुलत दिराने आधी पायाच्या दुखण्यासाठी ते वापरलं, मग त्याच वर्षी बायकोचं मोठं ऑपरेशन निघालं आणि मर्यादा अपुरी पडली. कमलताईच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. तिला वाटत होतं, आमचाही विमा तसाच. दाताला वापरला की तेवढा कमी होणार आणि मायचा नंबर लागेल तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणणार, बाई, तुमचं संपलं. म्हणून तिने विमा राखून ठेवला होता. ताप आला तरी ती दवाखान्यात गेली नव्हती.

तसं नसतं हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पैसे कापले जातात एवढं कळत होतं, त्यात काय काय मिळतं हे कधी विचारलंच नव्हतं. पॅकिंगमध्ये विचारलं तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. एक म्हणाली, विम्यात फक्त हातपाय तुटले तर मिळतं. दुसरी म्हणाली, दात म्हणजे शोभेची वस्तू, सरकार कशाला देईल? किलवणीहून येणारी एक मुलगी म्हणाली की दात काढून देतात, पण दुखणारा काढतील याची खात्री नाही. हे ऐकून तर कमलताईने पदराने गालच झाकून घेतला.

शेवटी ज्वारीची भाकरीही चावेना, तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी तिला जवळजवळ ओढतच नेलं. जाताना तिने अट घातली, "मी फक्त इचारसू. तोंड उघडाव नही."

आणि ती खरोखर तशीच वागली. दातांची डॉक्टर तरुण होती, गुजराती. कमलताई खुर्चीत बसली, दिवा लागला, डॉक्टर म्हणाली, "मोढुं खोलो, बेन." कमलताईने ओठ घट्ट मिटले. डॉक्टरने पुन्हा सांगितलं. कमलताईने मान हलवली. डॉक्टरला वाटलं, बाई घाबरली. ती तिला सुई दुखत नाही वगैरे समजावू लागली. कमलताई एकदाची बोलली, तेही दात न दाखवता, "सुईले कोन भ्यास? पहिले सांगा, मना दात काढात तं मायना डोयाना ऑपरेशनमा कमी पडी का?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं समजावून सांगितलं. आता ही हसणार, असं मला वाटलं. ती हसली नाही. दिवा बाजूला सारून स्टूल ओढून समोर बसली आणि म्हणाली, "बेन, ये रिचार्ज नहीं है. आपका विमा चालू है, तब तक आपका भी इलाज, माँ का भी. दाँत का इलाज किया तो आँख का कम नहीं होगा."

"सच?"

"सच."

"सरकारी सच की आपला सच?"

"दोनों," डॉक्टर म्हणाली, आणि आता मात्र हसली.

मग कमलताईने एकेक करून सगळं विचारून घेतलं. बाहेरची रांग चुळबुळत होती. तपासणं, एक्स-रे, औषध, दात काढणं, कीड लागली असेल तर भरणं, सफाई, हे सगळं तिथे मिळत होतं. काढलेल्या दाताच्या जागी नवा मात्र मिळणार नव्हता. कामावर अपघात होऊन दात गेला, तरच त्याचा विचार होतो. लवकर आली असतीस तर हाही दात वाचला असता, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं. कमलताईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने असा काही मोठा श्वास सोडला, की इतके महिने तो आतच कोंडला होता असं मला वाटलं. डोळे पुसले, मागे टेकली आणि तोंड उघडलं. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि उगाचच रडले.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगमध्ये काढलेल्या सुळ्याची फट बघून एकीने तिला अक्कल शिकवली. म्हणाली, मशीनचा दांडा लागून दात पडला असं सांग, नवा मिळेल. कमलताई म्हणाली, "खोटं बोलीसन दात लावू, मंग त्या दातखाले जेवन गोड लागी का?" त्यानंतर मात्र तिने सगळ्या बायकांच्या तोंडात बघायचा सपाटाच लावला. कोणी गालाला हात लावला की हिने विचारलंच, "दुखस ना? मंग पैसा कसाले कापाडस? जाय ना!" तिच्यामुळे कितीतरी जणी दवाखान्यात गेल्या. मीही माझी एक दाढ भरून आले, तीही तिच्या धाकाने.

म्हातारीचा नंबर दिवाळीनंतर लागला. खिडकीवर कोणी काही अडवलं नाही, तरी कागद पुढे सरकेपर्यंत कमलताईने माझं मनगट सोडलं नव्हतं. पट्टी काढायच्या दिवशी मीही गेले होते. सिस्टरने पट्टी काढली, डोळा पुसला. म्हातारी आधी भिंतीकडे बघत राहिली, मग पंख्याकडे, मग हळूहळू लेकीकडे वळली. कमलताई तिच्यापुढे वाकून तोंडभर हसत होती.

म्हातारीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कमल, तुना दात कोठे गया वं? कशी दिसी राहिनी! कोन करी आते तुनासंगे लगीन?"

कमलताईने क्षणभर तोंडावर हात घेतला. मग हात काढला, मागे वळली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "सिस्टर! मना तोंडमा नही, तो दात बी मायले दिसी गया!"