नाथाजीचं नाक

विट्याच्या अलीकडच्या त्या गावात नाथाजीच्या नाकाची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही. गलाईचा धंदा करणारा तिथं घरटी एक तरी असतोच. सोनं वितळवायचं, तेजाबात घालून त्यातलं हीण काढायचं, शुद्ध करून सोनाराच्या हातात द्यायचं, आणि हे सगळं मुलूख सोडून, बंगालात नाहीतर केरळात, जिथं गाळा मिळेल तिथं. नाथाजीचा गाळा कोचीला होता. मुशीतून धूर निघाला की तो नुसता हुंगून सांगायचा, ह्यात जस्त हाय, ह्यात शिसं हाय. सोनार मुद्दाम काहीबाही मिसळून आणायचे आणि खजील होऊन परत जायचे. जत्रेला गावी आला की शेजारपाजारचे त्याच्यापुढं बंद मूठ धरायचे आणि म्हणायचे, वळखा बघू आत काय हाय. नाथाजी ओळखायचा.

आता खरं सांगायचं तर हे नाक अठरा वर्षांमागंच मेलं होतं. एका सकाळी त्यानं तेजाबाच्या बाटलीचं बूच काढलं आणि त्याला काहीच कळलं नाही. सर्दी असेल म्हणून दोन दिवस काढले. मग डॉक्टरनं सांगितलं, धुरानं आतली कातडी जळलीय, आता वास परत यायचा नाही. नाथाजी दवाखान्यातून सरळ दुकानात आला आणि कुणाला काही बोलला नाही. तिथून पुढं तो धुराचा रंग बघून काम भागवू लागला. गावी आला की गुडघा दुखतोय म्हणून जत्रेत जायचंच टाळायचा. सगळ्यात वाईट म्हणजे बायकोलाही त्यानं पत्ता लागू दिला नाही. बनाबाईनं कढईत लसूण टाकला की चर्र आवाज व्हायचा, आणि नाथाजी पाठमोराच म्हणायचा, "काय वास सुटलाय." ती बिचारी खूश व्हायची. ह्या माणसाचा राग येतो तो इथंच. अठरा वर्षं खोटं बोलला, आणि तेही मायेनं बोलला.

बनाबाईनं त्या गाळ्यामागच्या खोलीत तीस वर्षं काढली. खोलीला एकच खिडकी, आणि ती उघडली की समोर भट्टीचं धुराडं. पोरगी उत्कर्षा आजोळी शिकली म्हणून तिची छाती तरी शाबूत राहिली; बनाबाईचा खोकला काही गेला नाही. रविवारी नाथाजी तिला धक्क्यावर न्यायचा. तिथं श्रीमंतांच्या पांढऱ्या बोटी बांधलेल्या असायच्या, वर उंच खुर्ची, मागं मासे धरायच्या लांब काठ्या. तो म्हणायचा, "असल्या बोटीत तुला बशिवणार एक दिस. नुसती मोकळी हवा." ती म्हणायची, "आवं, मला गाडी सुदिक लागती, बोटीत काय बसू? अंगणात बाज टाका, तेवढी हवा बास हाय मला." हे नाथाजीला लाजणं वाटायचं. बायकोला आपण जन्मभर धूर पाजला ही गोष्ट त्याच्या काळजात रुतून बसली होती, आणि बाजेवर ती निघणार नव्हती.

धंदा आवरून दोघं गावी आली त्याच्या पुढच्याच वर्षी भाऊसोचा फोन आला. भाऊसो शेजारच्या गावचा, मंगळुरात गलाई करायचा. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याची हौसेची बोट त्याच्या गळ्यात पडली होती आणि त्याला ती काढून टाकायची होती. नाथाजी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसला.

बोट तीस वर्षांपलीकडची, पण रंग देऊन ठेवलेली. पुढं बुटकी केबिन, आत दोन बिछाने. बाहेरून शिडी चढून गेलं की वर चालवायची खुर्ची. आणि केबिनच्या मागं फळ्यांखाली दोन डिझेल इंजिनं. चावी फिरवली तशी दोन्ही एका दमात सुरू झाली. तिथं एक म्हातारा मिस्त्री होता. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, अशी घेऊ नका. क्रेननं बाहेर काढू, इंजिनं रात्रभर थंड ठेवून सकाळी सुरू करू, धुराच्या नळ्या खोलून बघू. खारं पाणी लोखंडाला आतून खातं, वरून काही दिसत नाही. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

पण गलाईवाल्यांची एक रीत आहे. आपल्या भागातल्या माणसानं दिलेल्या सोन्याला कसोटीचा दगड लावायचा नाही. लावला तर त्याच्या बापाला चोर म्हटल्यासारखं होतं. ह्या एका रितीवर कलकत्त्यापासून कोचीपर्यंत किती सोनं बिनकागदाचं फिरलं असेल त्याची गणती नाही. नाथाजी चारचौघांत म्हणाला, "भाऊसोचा माल हाय. दगड लावायचा न्हाई."

भाऊसो खाली बघत उभा होता. तसाच म्हणाला, "नाथा, दगड ऱ्हाऊ दे. पर एकदा खाली नाक तरी घालून बघ की गड्या."

नाथाजीनं फळी उचलली. इंजिनं चालूच होती. आत डोकं घालून त्यानं पूर्वीसारखाच, सावकाश, डोळे मिटून लांब श्वास घेतला. सगळे बघत होते. डोकं वर काढून तो म्हणाला, "झकास हाय."

बोट ट्रेलरवर चढून कराडवरून साताऱ्याला आली आणि कोयना धरणाच्या फुगवट्यावर पाण्यात उतरली. परवान्याचे कागद अजून फिरत होते, पण नाथाजीला दम कुठला. दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो बनाबाईला घेऊन आला. उत्कर्षा साताऱ्यालाच शाळेत शिकवते, तिला रजा मिळाली नाही. बनाबाई नवं लुगडं नेसून, गाडी लागेल म्हणून हातात लिंबू धरून बोटीत चढली.

वाऱ्याला गारठा होता, तिला खोकला यायला लागला म्हणून ती केबिनमध्ये जाऊन बसली. नाथाजी वर खुर्चीवर. दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी निवांत, खाली इंजिनांची घरघर. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

पंधराएक मिनिटांनी बनाबाई शिडीपाशी आली. "आवं, खाली कसला तरी वास येतोय. तुमाला येतोय का?"

नाथाजी वरूनच वाकला. नाकानं श्वास ओढला. "न्हाई गं. कसला वास न्हाई."

"डोकं लय दुखतंय. मळमळतंय बी."

"गाडी लागली आसंल. लिंबू हुंग आन् पड जरा."

"व्हय. तुमाला येत न्हाई म्हंजे काय नसंल," ती म्हणाली आणि खाली वळली. एवढ्या मोठ्या नाकाचा नवरा, त्याच्यावर कोणती बाई अविश्वास दाखवेल. तो वरून म्हणाला, "खिडकी लावून घे, वारं बाधंल." तिनं खिडकी लावून घेतली. ती सरकल्याचा आवाज त्याला ऐकू आला.

डोंगर वळून पाणी एकदम रुंद होतं ती जागा त्याला तिला दाखवायची होती. त्यानं दोन्ही इंजिनांचा वेग वाढवला. मधे एकदा हाक मारली, ओ आली नाही. झोपली असेल, झोपू दे, असं म्हणून तो तसाच पुढं गेला. पाऊण तासानं त्या जागी पोचल्यावर त्यानं इंजिनं बंद केली आणि तिला उठवायला खाली उतरला. बनाबाई कुशीवर झोपली होती. गालावर लाली होती. एवढा टवटवीत चेहरा त्यानं तीस वर्षांत बघितला नव्हता. मोकळी हवा मानवली, असं त्याच्या मनात आलं, खरोखर आलं. मग त्यानं तिच्या खांद्याला हात लावला.

पोलिसांनी आणलेल्या मिस्त्रीनं एका इंजिनाची धुराची नळी दाखवली. कोपरावर सडून भोक पडलेलं, त्याला चिंधी आणि पुट्टी भरून वरून रंग मारलेला. पुट्टी तडकली होती आणि धूर फळीखालून सरळ केबिनमध्ये येत होता. डॉक्टर म्हणाले, असल्या धुरानं गाल लाल होतात, झोप लागते आणि मग माणूस उठत नाही.

दहाव्याला भाऊसो मंगळुराहून आला. माणसं पांगल्यावर तो सोप्यात नाथाजीजवळ बसला.

"ती चिंधी मीच बांधून घितली हुती," भाऊसो म्हणाला. "सांगणार हुतो, नाथा. पर तू सगळ्यांदेखत म्हणालास, दगड लावायचा न्हाई. माझी जीभच उचलंना. म्हणून म्हणलं, नाक घाल. तू घातलंस. मी म्हणलं, ह्याला कळलं, चारचौघांत माझी लाज राखली, आता घरी नेऊन नीट करून घील. दुसरं कोण आसतं तर मी बोललो आसतो रं. तुझं नाक हाय म्हणून गप बसलो."

नाथाजी भिंतीला टेकून बसला होता. स्वयंपाकघराचं दार त्याच्या पाठीशीच होतं. भाऊसोनं मान वर केली, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाला, "काय तरी करपलंय आत."

उत्कर्षा परसातून धावत आली. पाहुण्यांच्या चहासाठी ठेवलेलं दूध आटून पातेलं काळं झालं होतं. ती फडक्यानं पातेलं धरून दारात आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"आप्पा, तुम्ही इथंच बसलाय. वास नाही आला तुम्हाला?"

अठरा वर्षं अशा वेळी त्याच्याकडं काही ना काही उत्तर तयार असायचं.

"न्हाई," तो म्हणाला. "अठरा वर्सं झाली, मला कसलाच वास येत न्हाई."

उत्कर्षानं पातेलं तिथंच जमिनीवर ठेवलं.

"आईला माहीत होतं?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला. "बोटीवर तिनं इच्यारलं, वास येतोय का. मी म्हणलं, न्हाई."