स्लॅब टाकणाऱ्या मामांचं लाकडी घर

सिमेंटच्या स्लॅबशी जन्माचं वैर धरलेला एकच माणूस मी अख्ख्या खानदेशात पाहिला, आणि त्या माणसाची सबंध नोकरी स्लॅब टाकण्यात गेली होती. हे माझ्या बायकोचे मामा. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी शाळांची, दवाखान्यांची छपरं त्यांनी उन्हात उभं राहून ओतून घेतलेली. निवृत्त झाल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, पाचोऱ्याच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी जाहीर केलं, "माझ्या डोक्यावर स्लॅब येणार नाही. मी धाबं घालणार." धाबं म्हणजे सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर माती. त्या वर्षांत गावोगाव लोक धाबी पाडून स्लॅब टाकत होते. मुलीला स्थळ सांगून आलं की आधी विचारत, घर स्लॅबचं आहे ना? आणि हे गृहस्थ उलट्या दिशेने निघालेले.

मामा तापट होते, पण त्यांचा राग नेहमी मोजून मापून असायचा. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर. कुणाकडेही गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते खुंटीला टांगत. सावद्याच्या एका लग्नात मांडवाच्या खांबाला लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्रेचाळीस! अक्षता उरका, नवरदेव शिजतोय." चाळीसगावला आमच्या भाड्याच्या घरी आले, भिंतीला हात लावला आणि मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही घर नाही, भट्टी भाड्यानं घेतलीय." त्या दिवशी आम्ही त्यांना आमरस वाढला होता, तो त्यांनी मुकाट्याने अंगणातल्या निंबाखाली बसून खाल्ला.

जिथे धाबं पाडतायत असं कानावर येई तिथे मामा एसटीने हजर. प्रत्येक खांबावर बोटाची पेरं आपटून कान लावत, डॉक्टर छाती तपासतो तसे. पसंत पडलेली लाकडं प्लॉटवर रचली गेली. शेजारी विचारत, वखार टाकताय का? अमळनेरकडचे एक म्हातारे सुतार मात्र त्यांना मनापासून साथ देत होते. खांब तासताना म्हणायचे, "भाऊ, हाई सागवान शे. आपला बठ्ठास्ना नंतर बी उभं ऱ्हाई." म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मागेही ते उभं राहणार. वाळवी चढू नये म्हणून खांबांच्या बुडाला डांबर, खाली दगड. सगळं मनासारखं चाललेलं, आणि मधली मोठी तुळई वर चढवताना सुताराने थांबवलं. पटाशी घातली तर आतून भुसा सांडला. वाळवीने ती पोखरून टाकली होती.

मामांचा थोरला मुलगा धुळ्याहून आलेलाच होता. तो म्हणाला, "नाना, आता तरी ऐका. मी सिमेंट सांगतो, पंधरा दिवसांत स्लॅब पडेल. उद्या वर मजला चढवायचा तर या मातीवर चढणार आहे का?"

"तुला मजला हवाय. मला सावली हवीय," मामा म्हणाले. मुलगा जेवण न करता गेला आणि पुढे वर्षभर पाचोऱ्याला फिरकला नाही.

मामांनी तो अख्खा वैशाख तशी तुळई शोधण्यात घालवला. एकदा मीही बरोबर होतो. धुळ्याच्या अलीकडे एका गावात पाडलेल्या घराशेजारी हवी तेवढी लांब तुळई पडली होती आणि तिच्यावर घरची अक्का ठाण मांडून बसली होती. चुलीत जाळायला नेतायत की काय, अशा शंकेने तिने मामांना न्याहाळलं. "चुल्हामा घालाले त नही ना लई जात?"

"नही अक्का," कचेरीतलं मराठी सोडून मामा म्हणाले, "घर बांधी राहिनू."

"मंग लई जा," म्हणून ती उठली. तुळई गाडीवर चढेपर्यंत तिचा हात लाकडावरच होता.

पावसाआधी धाबं पूर्ण झालं. पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा वीज नव्हती, पंखा बंद, आणि तरी माझा सदरा कोरडा होता. मामा खुशीत दर तासाला आकडे सांगत होते. ते अंगणात गेल्यावर मामी हळूच म्हणाल्या, "बाहेर बोलू नका. मागे एकदा सरकारी क्वार्टरमध्ये मे महिन्यात मी चुलीपुढेच कोसळले. तीन दिवस शुद्ध नव्हती. त्या क्वार्टरचा स्लॅब यांनीच टाकलेला. तेव्हापासून हे असे." बाहेर मामा कुणाला तरी मातीचे गुण समजावून सांगत होते.

त्याच उन्हाळ्यात थोरला आपली तान्ही मुलगी घेऊन आला. घामोळ्यांनी पोर रात्रंदिवस रडत होती. मधल्या खोलीत झोळीत घातली आणि ती दुपारभर झोपली. तिच्याशेजारी जमिनीवर थोरलाही घोरत होता. मामा दारात उभे राहून दोघांकडे पाहत होते. त्या दिवशी त्यांनी आकडा सांगितला नाही.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात आळीतल्या चार-सहा म्हाताऱ्या दुपारी मामींकडे येऊन लवंडतात. गेल्या खेपेस मीही तिथे भिंतीला टेकून बसलो होतो. मामांचा विषय निघाला. मामी वातीचा कापूस पिंजत होत्या. त्या हसल्या, मग पदराने नाक पुसत म्हणाल्या, "माणूस तापट होता हो. पण घर गार बांधून गेला."