हँडल दोन बोटं वर

पन्नाशी ओलांडल्यावर मी सायकल घेतली. मानेवाड्यातल्या घरापासून सक्करदऱ्यातल्या माझ्या शिवणकामाच्या दुकानापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. आठवडाभरातच उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. लग्नसराईचे ब्लाउज कापायचे पडलेले आणि कात्री धरवेना. शिलाई उसवता येते, चुकीचं कापलेलं कापड जोडता येत नाही. मी घाबरले.

नवरा म्हणाला, "स्कूटी घे म्हणून कधीचा सांगून राहिलो तुले."

"तुम्ही घेतली न स्कूटी. पोट पाहा जरा."

सायकल मला सोडायची नव्हती. त्या वीस मिनिटांत मला कोणी काही मागत नाही.

दुकानाशेजारी एक म्हातारे सायकल दुरुस्तीवाले बसतात. त्यांनी सायकल स्टँडवर लावून मला वर बसवलं आणि हँडल सीटच्या बरोबरीला आणून दिलं. छान वाटलं. दोन दिवसांत पुन्हा मुंग्या. पुन्हा गेले, पुन्हा बसले. ते पाना हातात धरून बघतच राहिले.

"ताई, फोटो काढाले बसल्या का?"

"काहून?"

"पाठ ताठ, पोट आत. रस्त्यावर अशाच चालवता का?"

मला हसू आलं. टेप लावली की बायका पोट आत घेतात, म्हणून मी आधी त्यांना लेकरांचं विचारते. बोलताबोलता श्वास सुटला की माप घेते. तीस वर्षं हेच करतेय, आणि स्वतःची पाळी आली तर मीही तेच केलं.

"चौकापर्यंत जाऊन या. माझ्याकडे पाहू नका."

परत आले तर म्हणाले, "पाठ वाकते, कोपरं ताठ. सारं वजन तळव्यावर येऊन राहिलं."

त्यांनी वरचा नट सैल केला, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडी हाणून आत घट्ट बसलेला दांडा सोडवला आणि हँडल दोन बोटं वर ओढलं. दांड्यावर एक खूण असते, ती बाहेर दिसेल इतकं हँडल वर काढायचं नाही. ती अजून आतच होती. त्यांनी नट आवळला, मी पुन्हा चौकापर्यंत गेले. या वेळी कोपरं जराशी वाकली आणि हात नुसते टेकलेले राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचल्यावर आधी एक चिंधी कापून पाहिली. कात्री रेघेवरून सरळ गेली. मग नवरीच्या ब्लाउजचं कापड टेबलावर पसरलं आणि खडू उचलला.