राशीजवळची खुर्ची

वेदना माणसाला अंतर्मुख करते, त्याला त्याच्या खऱ्या रूपापाशी नेऊन सोडते, असं मी इतक्या पुस्तकांत वाचलं आहे की ते खरं असणार. मला तिने नेऊन सोडलं ते डहाणूच्या बाजारात, एका बंद दुकानाच्या पायरीवर. २०१४ साल होतं. भाजी घेऊन निघाले आणि उजव्या गुडघ्याने पुढे यायचं नाकारलं. अर्धा तास मी त्या पायरीवर बसून होते, म्हणजे अंतर्मुख व्हायला वेळ भरपूर होता. त्या वेळात मी विचार केला तो एवढाच, की उठायचं कसं आणि ओळखीचं कुणी यायच्या आत उठायचं कसं.

घोलवडच्या बाजूला आमची चिकूची वाडी आहे. नवरा बँकेत नोकरीला, त्यामुळे वाडी लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझ्याकडे आली. वाडी बघणं म्हणजे झाडं बघणं नव्हे. झाडं आपलं आपण बघतात. खरं काम शेडमध्ये. सकाळी उतरवलेला चिकू दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटावर अलगद पसरायचा आणि राशीभोवती आम्ही आठ-नऊ बायकांनी मांडी घालून बसायचं. फळ उचलायचं, अंगठ्याने त्याच्यावरची भुकटी पुसायची, शंका आली तर नखाने साल जराशी खरवडायची. आतून हिरवं दिसलं तर कच्चं, पिवळट दिसलं तर तयार. मग मोठं इकडे, मधलं तिकडे, बारीक मागे. हे सगळं जमिनीलगतच चालतं, कारण चिकू हातभर उंचीवरून पडला तर त्या वेळी काही बोलत नाही. दोन दिवसांनी मुंबईच्या बाजारात डाग पडून बोलतो. आमच्या भागात ज्यांनी या कामासाठी टेबलं करून घेतली, त्यांची टेबलं आता लग्नात जेवणाची भांडी ठेवायला जातात.

शेडमध्ये खुर्ची एकच होती, ती व्यापाऱ्याची. तो माल बघायला यायचा, बसायचा, चहा प्यायचा, जायचा. मी त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. नवऱ्याचा चुलत भाऊ, ज्याची वाडी आमच्या कुंपणाला लागून आहे, तो मात्र आपल्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचा, पाय दुसऱ्या स्टुलावर, आणि बोटाने सूचना द्यायचा. तो आला की त्याच्याकडच्या बायका गप्प होत. त्याला वाटायचं ही शिस्त. आमच्याकडे त्याचं नाव ‘सरकार’ पडलं होतं आणि ते मीच पाडलं होतं.

कारण खाली राशीभोवती चालणाऱ्या बोलण्याची मला चटक लागलेली होती. ते काही थोर बोलणं नव्हतं. कुणाचा नवरा कुठे गेला, कुणाची सून कशी बोलली, कुणाच्या कोंबड्या कुणी खाल्ल्या. माझ्या डावीकडे चौदा वर्षं एकच बाई बसायची. तलासरीकडची, माझ्याच वयाची, गावातल्या इतर बायकांबरोबर जीपने यायची. मला काकी म्हणायची आणि अरेतुरे करायची, जशी ती सगळ्यांनाच करायची.

“काकी, तुझा नवरा बँकेत नोटा मोजतो, तू इथं चिकू मोजते. घरात पोरं कोण मोजतं?”

“तू मोजून जा एक दिवस.”

“नको बाय, माझीच मोजताना चुकते.”

घरी मी कुणाची सून होते, कुणाची आई होते, समारंभात बँकवाल्यांची मिसेस होते. गोणपाटावर मी कुणीच नव्हते, आणि हे सुख मला दुसरीकडे कुठेच मिळालेलं नाही. गुडघा दुखायला लागला तेव्हा मला पहिली भीती वाटली ती चालता न येण्याची नाही. ती जागा जाण्याची.

पुढच्या वर्षी तीच म्हणाली, “आमच्याकडं गुडघ्याचं शिबीर आहे. ये. मला पण दाखवायचंय.” तिचेही गुडघे दुखत होते हे मला तेव्हा कळलं. चौदा वर्षं शेजारी बसून.

तलासरीच्या त्या शिबिराच्या बॅनरवर ‘भव्य’ हा शब्द दोनदा होता. मंडपात स्टेज, स्टेजवर सोफे, सोफ्यांवर पांढरे टॉवेल, टॉवेलांवर मान्यवर. समोर जमिनीवर सतरंज्या आणि सतरंज्यांवर दीडदोनशे माणसं, ज्यांना खाली बसता येत नाही म्हणूनच ती आली होती. दीपप्रज्वलन झालं. शाली झाल्या, नारळ झाले, ज्यांचा सत्कार राहिला त्यांच्यासाठी तो पुन्हा सुरू झाला. एका वक्त्याने सांगितलं की गुडघा हा शरीराचा आधारस्तंभ आहे. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने दोन्ही तळवे जमिनीला टेकून आपला आधारस्तंभ सरळ करायचा प्रयत्न चालवला होता. शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, पाहुण्यांना निरोप देण्यासाठी सर्वांनी उभं राहावं. आमच्यातला पहिला माणूस उभा राहीपर्यंत पाहुण्यांच्या गाड्या हायवेला लागल्या होत्या.

तपासणारा डॉक्टर मात्र चांगला होता, तरुण, थकलेला. आम्ही दोघी एकदमच टेबलापाशी गेलो. त्याने दोघींचे गुडघे वाकवून पाहिले, कानाने ऐकू येईल अशी करकर झाली, आणि दोघींना एकच सांगितलं. गादी झिजली आहे. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली बसायचंच नाही.

“मग भात कोण लावील?” तिने विचारलं. “तू येशील लावायला?”

डॉक्टर हसला आणि दोघींना सारख्याच गोळ्या लिहून दिल्या.

मी त्याचं अर्धं ऐकलं. मांडी सोडली, पण खुर्ची घेतली नाही. प्लॅस्टिकचं क्रेट उलटं घालून त्याच्यावर बसू लागले. क्रेटवर बसलेली बाई राशीपर्यंत वाकू शकते, बोलण्यात राहते, आणि डॉक्टरांचं ऐकलं असंही म्हणता येतं. दोन वर्षं मी या युक्तीवर खूश होते. नंतर डहाणूच्या हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, बसता कशावर? मी हाताने उंची दाखवली. ते म्हणाले, “गुडघ्याचं सगळ्यात जास्त नुकसान करायचं म्हटलं असतं तर मी तुम्हाला हीच उंची सांगितली असती.” तरी क्रेट सुटलं नाही.

या दोन वर्षांत मला जगातल्या सगळ्या उपायांची माहिती झाली. निर्गुंडीचा पाला, मेथीचे दाणे, शेकाची पिशवी, नवऱ्याच्या साहेबांनी केरळातून आणलेलं तेल, जे लावल्यावर गुडघ्याचं काही होत नसे पण चादरी बाद होत. सल्ला देणारे सगळे दोन पायांवर उभे राहून देत. घरातला जुना संडास फोडून कमोड बसवला. त्या दिवशी घरात मोकळं, खेळीमेळीचं वातावरण होतं. मी आत जाऊन बसले आणि रडले, तेवढ्यापुरती ती जागा सोयीची आहे.

दुखणं कसं असतं हे सांगायला हरकत नाही, ते सोपं आहे. सकाळी पहिली वीस पावलं दुसऱ्या कुणाचे तरी पाय टाकतात. जिना चढताना गुडघा, उतरताना दोन्ही गुडघे. आणि गुडघ्याला जपायचं म्हणून मांडी नि पोटरी सतत ताठरलेली, म्हणून त्यांना गोळे येऊ लागले. गुडघ्याचं दुखणं निदान आधी कळवून येतं. गोळा कळवत नाही.

२०१७च्या पावसाळ्यानंतरची एक दुपार. राशीभोवती सगळ्या, खुर्चीत व्यापारी, मी क्रेटवर. पुढच्या फळासाठी वाकले आणि डाव्या मांडीच्या मागे कुणी तरी आतून दोर आवळला. पाय सरळ होईना, वाकेना. मी क्रेटवरून सरकून राशीतच बसले. खाली फळं दबल्याचं मला कळत होतं आणि मला लाज वाटली ती त्यांची. ओरडले की नाही, आठवत नाही. डावीकडचीने माझ्या टाचेला धरून पाय ओढला, दुसरीने पोटरी रगडली, आणि मग चौघींनी मला उचललं, जसं भरलेलं क्रेट उचलतात तसं, कडांना धरून. व्यापारी चटकन उठला आणि त्याने खुर्ची पुढे केली. मला खुर्चीत ठेवण्यात आलं.

“बसा, बसा आरामात,” तो म्हणाला. “आता इथंच बसत जा, भाभी. हेच तर वय आहे बसायचं.”

माझं वय अठ्ठावन्न होतं. त्याचं बहुधा त्याहून जास्त.

पुढच्या दिवशी मी आले तेव्हा खुर्ची राशीजवळ आणून, पुसून ठेवलेली होती. कुणी ठेवली विचारलं नाही. बसले. वरून रास छान दिसते. चुका दिसतात, कुणी कच्चं फळ चांगल्यात टाकलं ते दिसतं, आणि दिसलं की सांगावंसं वाटतं. मी सांगू लागले. पहिल्या आठवड्यात बोलणं निम्मं झालं, दुसऱ्यात मी आले की थांबू लागलं. डावीकडची एकदा सवयीने काही सांगायला लागली, मग मान वर करून बघायचा तिलाच कंटाळा आला असावा. “राहू द्या काकी, तुम्हाला नाही समजायचं,” म्हणाली. एकदा मी बोटाने एक फळ दाखवलं आणि माझंच बोट बघून थबकले. कुंपणापलीकडच्या सरकारने इतकी वर्षं काय केलं होतं? बहुतेक त्याचेही गुडघे दुखत असावेत. मी कधी विचारलं नव्हतं.

हे सगळीकडेच झालं. आत्येसासू गेल्या तेव्हा त्यांच्या घरी बायका ओसरीवर खाली बसलेल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून. माझ्यासाठी आतून खुर्ची आली. रडणाऱ्या बायकांच्या मध्ये उंचावर बसलेली मी, परीक्षेला पर्यवेक्षक असतो तशी. आत्येसासूंनी मला मुलीसारखं वागवलं होतं. मला रडू आलं नाही. एवढ्या उंचीवरून येत नाही.

मग वापीला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. आमच्या भागातली माणसं हाडांसाठी सरहद्द ओलांडतात. ते गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत जात म्हणाले, दोन्ही गुडघे बदलायला हवेत. मी एकच विचारलं.

“नंतर खाली बसता येईल?”

“मावशी, खाली कशाला बसायचं? चालायचं. फिरायचं.”

“पण येईल का?”

“नाही. कधीच नाही. बसाल तर नवीन गुडघा खराब कराल.”

नवरा बाहेर आल्यावर म्हणाला, “एवढी चांगली बातमी दिली त्यांनी आणि तुझा चेहरा बघ.” तो चांगला माणूस आहे. एका गोणपाटासाठी ऑपरेशन नको म्हणणारी बाई, हे मलाही मोठ्याने म्हणता येईना. मी टाळत राहिले. कारणं बदलत राहिले: सीझन आहे, पाऊस आहे, लग्न आहे. तोपर्यंत मांड्या वाळत चालल्या. काठी आली.

शेवटी शेडबाहेर ती जीपची वाट बघत असताना मी डावीकडचीला ऑपरेशनचं नि गोणपाटाचं सांगितलं. तीही उभी होती, कुडाला टेकून, एक पाय मोकळा सोडून.

“करून टाक,” ती म्हणाली. “खाली बसून काय मिळालं तुला?”

“तू का नाही करत मग?”

“तीन महिने घरी बसू? मग मला खायला तू घालशील?” आणि हसली. “तुझं काम गुडघ्याबिगर चालतं, काकी. माझं नाही चालत.”

मला वाटत होतं की तिच्या बाजूला बसते म्हणजे मी तिच्यासारखी आहे. जीप आली, ती दोन्ही हातांनी दांडा धरून चढली, आधी एक पाय, मग थांबून दुसरा. मी मोजलं नाही, पण बराच वेळ लागला.

२०१९च्या सुरुवातीला माझे दोन्ही गुडघे बदलले. त्याबद्दल काही लिहीत नाही. दुखलं, मग कमी दुखलं. तीन महिन्यांनी मी काठीशिवाय शेडमध्ये गेले. माझ्या जागेवर मधल्या मालाची क्रेटं रचलेली होती. सगळ्यांनी चौकशी केली, एकीने गुडघ्यावरचा व्रण बघायला मागितला, दुसरीने हात लावून बघितला, आणि मग सगळ्या कामाला लागल्या. व्यापाऱ्याला विचारलं, माझ्यामागे काही तक्रार? तो म्हणाला, नाही भाभी, या वेळी माल एकसारखा आला.

आठवडाभर मी विचार केला. मग डहाणूहून दुसरी खुर्ची आणली, हात असलेली, चांगली, आणि डावीकडचीच्या जागेवर ठेवली. सगळ्यांसमोर सांगितलं की डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितलं होतं, तेव्हा यापुढे ती वर बसेल. मला स्वतःलाच थोडं भरून आलं होतं. मी भाषण केलं असं म्हणता येईल.

ती बसली. दोन दिवस बसली. पदर सावरून, पाठ ताठ, फोटोला बसल्यासारखी. बाकीच्या तिला शेठाणी म्हणून चिडवायच्या, ती चिडायची नाही. पण खुर्चीवरून तिचे हात राशीपर्यंत पोचत नव्हते. प्रत्येक फळासाठी वाकताना कंबर धरत होती, आणि संध्याकाळी तिची क्रेटं सगळ्यांत कमी भरली.

तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ती खाली बसलेली होती, गुडघे एका बाजूला घेऊन. दुसऱ्या खुर्चीवर आता पिण्याच्या पाण्याचा कॅन असतो. तोटी बरोबर उंचीवर येते.