वस्ताऱ्याची एक ओळ

ऑफिसात त्याला सगळे वस्तारा म्हणत. जुन्या वेबसाइटवरचा मजकूर नव्या साइटवर आणायचा, तर त्यात एचटीएमएलचे टॅग तणासारखे माजलेले असायचे. टोकदार कंसातल्या खुणा त्या. इथे अक्षर ठळक कर, तिथे रंग दे, असलं सांगणाऱ्या. हा पठ्ठ्या पीएचपी या संगणकभाषेत एकच ओळ लिहायचा: उघडत्या कंसापासून बंद कंसापर्यंत जे सापडेल ते उडव. चहा संपायच्या आत सगळी पानं गुळगुळीत. एकदा तपासून बघ, असं कोणी म्हटलं की म्हणायचा, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" गडी कामाचा, पण तोरा विचारू नका.

मुलांच्या दवाखान्याची साइट त्यानेच अशी साफ केली होती. धाकट्या बहिणीला कौतुकाने सांगितलंही होतं, बाळाचं काही असलं तर तिथे बघत जा.

त्या दुपारी तिचा फोन आला. "दादा, बाळाला सर्दीचं औषध दिलं रे. हलवलं तरी उठत नाहीये."

"दवाखान्यात ने. आहेस तशी नीघ. मी येतोच."

निघता निघता त्याने साइटवरचं सर्दीच्या औषधाचं पान उघडलं. "वय १ वर्ष: एक चमचा." काही खटकलं नाही. मग जुनी प्रत उघडली. डॉक्टरांनी लिहिलं होतं: "वय <१ वर्ष: अजिबात देऊ नका. वय >१ वर्ष: एक चमचा." कमी-जास्तीची चिन्हं त्याच्या ओळीला टॅगचे कंस वाटली, आणि तिने मधलं सगळं गिळलं. उरलेलं वाक्य इतकं धड होतं की शंका यावी कुणाला? त्याने साइटवरून ते पान काढलं आणि धावत सुटला.

बाळ निपचित पडलं होतं. नाकाला नळी.

"श्वास ठीक आहे, संध्याकाळपर्यंत जागं होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दहा महिन्यांच्या बाळाला हे द्यायला सांगितलं कुणी?"

"तुमच्याच साइटवर आहे की," बहीण म्हणाली. "वर्षाचं होतच आलंय, म्हणून दिलं." मग तिने भावाचा हात धरला. "साइट माझ्या दादानेच केलीये. चुकायचा नाही तो."

"चुकलो गं," तो म्हणाला. "देऊ नका, असं लिहिलं होतं तिथे. ते मी पुसलं."

तिने हात लगेच सोडला नाही. कळायला तिला थोडा वेळ लागला. मग सोडला.