रिकाम्या गाडीचं माप

आमच्या ह्यांना भिंतीवरची तिरकी तसबीर बघवत नाही. कुणाकडे चहाला गेलं की आधी उठून ती सरळ करतील, मगच कपाला हात लावतील. घरच्या लोकांना काय वाटेल याचं ह्यांना सोयरसुतक नसतं. मी डोळे वटारून थकले. "तिरकी होती," एवढंच उत्तर मिळतं. मुळात बोलणंच कमी. लग्नानंतर पहिले काही महिने मला वाटायचं की आपल्या हातून काहीतरी चुकलंय. मग कळलं की हा माणूस शब्दसुद्धा मोजूनमापून खर्च करतो, आणि मी तो नाद सोडला.

हे टेकडीवरच्या मोठ्या रुग्णालयात मेकॅनिक होते. महिनोन्‌महिने राहणारे रुग्ण तिथे असत. वॉर्ड एकमेकांपासून लांब, चढउताराच्या वाटांवर विखुरलेले. रुग्णांना तपासणीला न्यायचं, धुतलेल्या चादरी पोचवायच्या, जेवणाचे डबे फिरवायचे, ही सगळी कामं बॅटरीच्या गाड्या करायच्या. गोल्फच्या मैदानावर फिरतात ना, तसल्या, चारही बाजूंनी उघड्या गोल्फ कार्ट. अशा आठ गाड्या होत्या आणि आठही ह्यांच्या हाताखालच्या.

त्यातली एक ह्यांचे मोठे भाऊ चालवायचे. माझे मोठे दीर. सगळं रुग्णालय त्यांना दादाच म्हणायचं. आधी वीस-बावीस वर्षं त्यांनी रुग्णवाहिका चालवली आणि एवढ्या वर्षांत कुणाला खरचटलंदेखील नाही. हे त्यांना मिरवायला आवडायचं, आणि का आवडू नये? वडील लवकर गेले तेव्हा दादांनीच धाकट्याला वर्कशॉपमध्ये चिकटवला होता. हे जगात कुणाला घाबरत नाहीत, पण दादांसमोर आजही पाय खाली घेऊन बसतात.

एका वर्षी रुग्णालयाने सांडपाण्याचे पाइप टाकायला सगळ्या वाटा खणल्या आणि वर खडी पसरून ठेवली. दादांच्या गाडीचं पोट दगडांना घासायला लागलं. मग ती उचलायची ठरली. ह्यांनी पुढच्या-मागच्या दांड्या बदलून ती सहा इंच वर घेतली आणि मोठी चाकं लावली. धोबीखान्यातल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी तिचं बारसं केलं: उंट. दादा वर बसले की म्हणायच्या, "दादा, वरनं समुद्र दिसतो का हो?"

गाडी उचलली की तिची पुढची चाकं पुन्हा जुळवावी लागतात, नाहीतर ती भरकटते. ह्या कामात ह्यांची एक हट्टी रीत होती. पुढच्या प्रत्येक टायरच्या मधोमध खडूची रेघ मारायची. त्या दोन रेघांमधलं अंतर आधी चाकांच्या पुढच्या अंगाने मोजायचं, मग मागच्या. पुढचं माप मागच्यापेक्षा एक सूत कमी हवं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. चाकांची तोंडं अशी किंचित आत वळलेली असली की गाडी नाकासमोर चालते. बाहेर फाकली की तिला वाट सापडत नाही. हे सगळेच मेकॅनिक करतात. पण आमचे हे गाडीत माणसं बसवल्याशिवाय टेपच काढायचे नाहीत. "गाडी रिकामी धावत नाही, मग रिकामी मोजायची कशाला?" स्वयंपाकी, माळी, धोबीखान्यातल्या बायका, जे दिसेल त्याला धरून आणून बसवायचे. "मिस्त्री, आज किती किलो पाहिजेत?" असं विचारत तीही हसत चढून बसायची.

उंट वाटेवर आल्याला तीन-चार महिने झाले असतील. एका गुरुवारी दादा एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंना एक्स-रेहून परत आणत होते. धोबीखान्यामागच्या सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे सरकली आणि विटांची कड ओलांडून तिचं चाक गटारात गेलं. बाईंचं कोपर सोललं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "त्यांचा काही दोष नाही. गाडीच प्यायल्यासारखी चालत होती." पण वॉर्डावॉर्डातून फिरत ते वाक्य संध्याकाळपर्यंत दादांवर येऊन ठेपलं. ज्या माणसाने जन्मात थेंबाला हात लावला नाही, त्याच्या तोंडाचा वास घेण्यापर्यंत एका शहाण्याची मजल गेली. माझ्या समोर असता तर त्याची चांगली हजेरी घेतली असती.

मेट्रनबाई सरळ होत्या. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, "गाडीत दोष असेल तर दादा सोमवारपासून पुन्हा कामावर. नसेल, तर मी त्यांच्या हाती रुग्ण देऊ शकत नाही, त्यांना चादरींच्या कोठारात बसवावं लागेल. तुमचे भाऊ आहेत हे मला ठाऊक आहे. तरी तुमचाच शब्द मी धरणार."

शुक्रवारी ह्यांनी गाडी तपासली. चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं, कुठे खुळखुळ नाही. टायरांची हवा सारखी. माप घेतलं, एक सूत, अगदी बरोबर. गाडीत काही खोट नव्हती. घरी आले आणि ताटावरून तसेच उठले. दादांना चादरी मोजायला बसवायचं म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नव्हतं. माझ्या जाऊबाई दोन दिवस फोनवर नुसत्या रडत होत्या.

शनिवारी सकाळी चहा पिता पिता ह्यांनी एकदम विचारलं, "तुझं डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं गं?"

मी तारीख सांगितली. ह्यांनी कप खाली ठेवला.

"त्याच दिवशी उंट पुरा केला मी," हे म्हणाले. "तू दोनदा फोन केलास. आसपास कुणी नव्हतं बसवायला. रिकामीच मोजली आणि निघालो. नंतर राहूनच गेलं." मग म्हणाले, "आणि कालही रिकामीच मोजली."

मी फोन केले होते खरे. डोळ्यात औषध घातलं होतं, काही दिसत नव्हतं, एकटीच बसले होते, जीव घाबरा झाला होता. तेव्हा हे आले आणि माझा हात धरून बसले, तर मला किती बरं वाटलं होतं! आणि त्याची किंमत आता दादा भरत होते.

रविवारी दुपारी आम्ही चौघं वर्कशॉपमध्ये गेलो. ह्यांनी फर्मावलं होतं, वजन हवंय, तुम्ही दोघीही चला. मी म्हटलं, एवढी वर्षं खाल्लेलं कारणी लागलं म्हणायचं. कुणीच हसलं नाही. दादा चालकाच्या जागी बसले, जाऊबाई त्यांच्या शेजारी, मागच्या बाकावर मी आणि माझ्या जोडीला साबणाच्या दोन गोण्या. ह्यांनी गाडी जराशी पुढेमागे ढकलून बसवली आणि जमिनीवर पालथे पडून टेप लावला. पुढून मोजलं. मागून मोजलं. पुन्हा पुढून मोजलं.

"दोन सूत बाहेर," हे म्हणाले. आम्हाला उतरवून मोजलं तर एक सूत आत. पुन्हा बसवलं, पुन्हा दोन सूत बाहेर. उचललेल्या गाडीचे स्टीयरिंगचे रॉड तिरपे खाली उतरलेले असतात. माणसं बसून गाडी दबली की ते आडवे होतात आणि चाकांना बाहेर फाकवतात. रिकामी गाडी शहाण्यासारखी उभी राहते आणि रुग्ण बसला की भरकटते.

हे उठले. हात पुसले नाहीत, तसेच दादांसमोर जाऊन उभे राहिले. "दादा, चूक माझी आहे. मी रिकामी मोजली होती. तू गटारात गेलास तो माझ्यामुळे."

दादा मोठ्याने हसले. "अरे गाढवा! तीन रात्री झोप नाही मला. वाटलं, झालो म्हातारा, संपलं आपलं!" जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ह्यांनी तिथूनच मेट्रनबाईंना फोन लावला आणि तेच वाक्य त्यांनाही सांगितलं, चूक माझी आहे. माझ्या फोनचा, माझ्या डोळ्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. तिकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवून हे म्हणाले, "उद्यापासून ये म्हणाल्या."

मग ह्यांनी आम्हाला बसवूनच काम केलं. दोन्ही बाजूंचे नट सैल केले, रॉड दोन्हीकडे सारखे फिरवले, मोजलं, गाडी ढकलली, पुन्हा मोजलं. तेवढ्या वजनाखाली एक सूत आत आलं तेव्हा पान्यावर अख्खं अंग टाकून नट आवळले, इतके की आम्ही बसल्या जागी हललो. दादा वरून चेष्टा करत होते, "तोडतोस का रे आता?" ती दुपार तिथेच थांबली असती तर मी आयुष्यभर तिचं कौतुक सांगितलं असतं.

पण गाडी चालवून बघायची होती. धोबीखान्यामागच्याच रस्त्यावर नेली. आधी हे बसले, शेजारी दादा, मागे आम्ही दोघी जावा. ह्यांनी वेग धरला आणि स्टीयरिंगवरचे दोन्ही हात उचलले. गाडी त्या टोकापर्यंत अशी गेली की डावीकडची विटांची कड तेवढ्याच अंतरावर राहिली. "वा!" दादा म्हणाले. "ये इकडे, आता मला दे."

जागा बदलल्या. दादा ताठ बसले, गाडी वळवली आणि निघाले. अर्ध्या रस्त्यात ती डावीकडे सरकायला लागली. दादांनी सावरली. पुन्हा सरकली, पुन्हा सावरली, पण उशिरा. मला वाटलं वारा असेल, खडी असेल. मग मी पुढे वाकून पाहिलं. दादांचा डावा हात स्टीयरिंगवर होता, पण त्याने काही धरलेलं नव्हतं. बोटं नुसती टेकलेली होती आणि हाताचं सगळं वजन खाली ओढत होतं. दादांना ते कळत नव्हतं. ह्यांनी ते माझ्या आधीच पाहिलं होतं. ह्यांच्या ताठरलेल्या मानेवरूनच मला ते समजलं.

चाक विटांना लागलं तेव्हा दादांनी गाडी थांबवली. बराच वेळ त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. एकदा मूठ वळायचा प्रयत्न केला. अंगठा वळला नाही.

हे घाईघाईने म्हणाले, "थांब दादा. डावीकडचा रॉड अजून हलतोय. मला जाणवलं. परत नेऊ, पुन्हा आवळतो."

ह्या माणसाने माझं मन राखायलासुद्धा कधी खोटं माप सांगितलं नाही. नवी साडी नेसून विचारलं तर निऱ्या वरखाली झाल्यात म्हणून सांगणारा हा माणूस. तो आज थोरल्या भावाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला, अजून बोला.

"तूच आवळलास ना मघाशी?" दादांनी विचारलं.

"हो, पण—"

"मग तो हलत नाही." दादांनी चावी काढली आणि ह्यांच्या तळहातावर ठेवली. "गाडी सरळ आहे रे. उद्या त्या म्हातारीला बसवून मी कुठे जाणार होतो? मेट्रनबाईंना तूच सांग. आणि हात दवाखान्यात दाखवायचाय हे हिला आत्ताच बोलू नका."

"हिला" म्हणजे जाऊबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या. त्यांनी माझा हात धरला होता, तो दुखेपर्यंत दाबला.

दोघा भावांनी पुन्हा जागा बदलल्या. दादांना उतरताना ह्यांनी डावीकडून धरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दादांनी धरू दिलं. वर्कशॉपपर्यंत ह्यांच्या हाताखाली उंट नाकासमोर चालला होता, जरासुद्धा इकडेतिकडे नाही, आणि मी मागे बसून विनवत होते की देवा, एकदा तरी ही गाडी वाकडी जाऊ दे.