पातेरा जाळला नाही

काडी पेटवून मी आंब्याच्या पातेऱ्याजवळ वाकलो, तेवढ्यात पडवीतून आई म्हणाली, "थांब हां, मी आत जाऊन दार लावून घेते."

तिला दमा आहे. अंगणातली वाळकी पानं झाडून मी रोज संध्याकाळी जाळतो आणि धूर जाईपर्यंत ती आत बसते. इतक्या वर्षांत मला यात काहीच खटकलं नव्हतं.

काडी विझवली. सगळा पातेरा टोपलीने माडांच्या आळ्यांत नेऊन टाकला. सात फेऱ्या झाल्या.

"चार दिवसांचं कौतुक, मेल्या," आई म्हणाली. "कंबर धरली की पेटवशील."

पेटवणार नाही. तुमच्याकडे पातेऱ्याचं काय करता?

सकाळची भर: कंबर धरली आहे. अंगणात पुन्हा पानं पडली आहेत. मी टोपली घेतली. आई पडवीतच बसून आहे.